उपग्रहाचा पाऊस : नोंद की अनुमान?

पर्जन्य हा हवामानशास्त्राचा विषय. भाषाभ्यासाच्या पत्रिकेत त्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, गेल्या अर्धशतकात पावसाविषयीचे बरेचसे ज्ञान उपग्रहांच्या द्वारे मिळू लागले आहे, आणि या ज्ञानाचा गाभा मोजणीचा नसून वाचनाचा आहे. उपग्रह पाऊस पाहत नाही. तो काही चिन्हे पाहतो, व त्या चिन्हांवरून पावसाचा अर्थ लावला जातो. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध कोठे पक्का आहे, कोठे सैल आहे, तो कोणत्या प्रदेशात शिकला गेला आणि कोणत्या प्रदेशाला लावला गेला, हे तपासण्याचे काम एकट्या पदार्थविज्ञानावर सोपवून चालणार नाही. या शास्त्राने जी परिभाषा घडविली आणि मराठीने ती ज्या रीतीने उचलली, त्या परिभाषेतच घोटाळ्याचे एक मूळ आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, दिघा हे गाव आहे. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकची डोंगररांग, मध्ये कारखान्यांचा पट्टा आणि उतारावर चढत गेलेली दाट वस्ती. इलठणपाड्याजवळ रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून इंग्रजी अमदानीत बांधलेले धरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये 'दिघा गाव' हे रेल्वे स्थानक सुरू झाले, तेव्हा कित्येकांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल. समुद्राकडून येणारा ढग, खाडीचे पाणी, लगेच जमीन आणि लगेच डोंगर, असा हा चार-पाच किलोमीटरांतला फेर आहे. उपग्रहाच्या पर्जन्यवाचनाची परीक्षा घेण्यास याहून अडचणीची जागा शोधूनही मिळावयाची नाही.

प्रथम ऋतूच्या नावाचा प्रश्न. 'वॉर्म सीझन' ही संज्ञा समशीतोष्ण कटिबंधातील अभ्यासकांची आहे. कार्बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा प्रबंध या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. अमेरिकेतील उन्हाळी पावसाचे थवे रॉकी पर्वताच्या बाजूस उगम पावून पूर्वेकडे कसे सरकतात, आणि एकेका वादळाच्या आयुष्यापेक्षा हा प्रवास कितीतरी दीर्घ कसा असतो, हे त्यांनी रडारच्या नोंदींवरून दाखविले. वेळ एका अक्षावर आणि रेखांश दुसऱ्या अक्षावर घेऊन काढलेल्या आकृतीत हे थवे तिरप्या रेघांसारखे दिसतात. ही आकृती हॉवमोलर यांनी १९४९ साली योजिली. पुढे २००४ साली वांग, चेन आणि कार्बोन यांनी हीच दृष्टी पूर्व आशियाला लावली. मात्र तेथे रडारऐवजी भूस्थिर उपग्रहाने टिपलेले ढगांचे तापमान घेतले. त्या प्रबंधाच्या शीर्षकात 'पाऊस' हा शब्द नाही, 'ढगांचे आकृतिबंध' असा शब्दप्रयोग आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मराठीत 'उष्ण ऋतू' म्हटले की उन्हाळा समजला जाईल, आणि उन्हाळ्यातला पाऊस म्हणजे वळीव. मृगानंतरचा पाऊस हा निराळा. त्या दिवसांत हवा तापत नाही, उतरते. अमेरिकन शास्त्रज्ञ जून, जुलै व ऑगस्ट यांना एका नावाखाली घेतो, कारण त्याच्या देशात तापणे आणि बरसणे एकाच काळात घडते. आपल्याकडे तापणे आधी आणि बरसणे नंतर. भारतीय हवामान विभागही मार्च ते मे आणि जून ते सप्टेंबर असे दोन स्वतंत्र काळ मानतो. 'उष्णऋतूतील पर्जन्य' असे भाषांतर करून जे विद्यार्थी कामाला लागतात, ते नकळत वळीव आणि मोसमी पाऊस एका पोत्यात भरतात. मग त्यांच्या सरासरीत दोन्हींचा स्वभाव हरवतो.

दोन्हींचे स्वभाव निराळे आहेत याची साक्ष भाषेत आहे. वळीव येतो, गडगडतो, कोसळतो आणि जातो. सर येते आणि ओसरते. रिपरिप लागते, झड बसते, भुरभुर चालू असते, आणि मध्येच उघडीप मिळते. या शब्दांत केवळ काव्य पाहणाऱ्यांनी त्यांचे व्यवहारातले काम ध्यानात घेतलेले नाही. प्रत्येक शब्दात थेंबाचा आकार, पडण्याचा जोर आणि टिकण्याचा काळ यांपैकी एखादे परिमाण ठरलेले असते. भुरभुरीत थेंब बारीक. रिपरिपीत जोर कमी पण काळ दीर्घ. सरीत जोर अधिक आणि काळ थोडा. 'उघडीप' तर अभावाचे नाव आहे: पावसाळा चालू असताना पाऊस नसणे. कोरड्या ऋतूतल्या पाऊस नसण्याला कोणी उघडीप म्हणत नाही. या शब्दसंपत्तीचा येथे उल्लेख केवळ कौतुकासाठी नाही. उपग्रहाला यांतील कोणता पाऊस वाचता येतो आणि कोणता येत नाही, या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

भारतीय उपखंडावर उपग्रहाच्या दृष्टीने पावसाचा विचार करणाऱ्या कामांत डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांच्या १९८० सालच्या प्रबंधाचे स्थान अग्रभागी आहे. सिक्का पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले. गाडगीळ मूळच्या पुण्याच्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या. १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांची रोजची उपग्रह-चित्रे त्यांनी तपासली आणि ७० ते ९० अंश पूर्व रेखांशांमध्ये दाट ढगांचा पट्टा रोज कोठे आहे हे नोंदविले. त्यांना आढळले की, अशा पट्ट्याला दोन आवडती ठाणी आहेत: एक १५ अंश उत्तरेच्या वर भूमीवर, दुसरे विषुववृत्ताजवळ समुद्रावर. भूमीवरचा पट्टा आपल्या बळावर टिकून राहत नाही. समुद्रावरचा पट्टा दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकून त्याला पुन्हा उभा करतो. मोसमी पावसाच्या चढउतारांविषयीची नंतरची पुष्कळ चर्चा या निरीक्षणाच्या आधाराने चालली आहे.

या प्रबंधाचा मोठेपणा त्याच्या निष्कर्षात आहेच. पण त्याच्या संज्ञेतही आहे. लेखकद्वयाने त्या पट्ट्याला 'महत्तम मेघपट्टा' म्हटले, पर्जन्यपट्टा म्हटले नाही. जे दिसले त्याचेच नाव घेतले, जे अभिप्रेत होते त्याचे घेतले नाही. चिन्ह आणि अर्थ यांच्यातली सीमा येथे शाबूत आहे. वाचकाला ढगावरून पावसाकडे जावयाचे असल्यास तो आपल्या जबाबदारीवर जातो, आणि आपण पाऊल टाकले हे त्याला ठाऊक असते.

ही सीमा पुढे पुसट झाली. १९७४ साली अटलांटिक महासागराच्या उष्णकटिबंधीय पूर्व भागात 'गेट' नावाची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तेथील जहाजांवरच्या रडारनी मोजलेला पाऊस आणि उपग्रहाने पाहिलेले थंड ढग यांची सांगड घालताना आर्किन यांना दिसले की, २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसपेक्षा, थंड माथ्याच्या ढगांनी किती क्षेत्र व्यापले आहे यावरून त्या क्षेत्रातील सरासरी पाऊस बऱ्यापैकी सांगता येतो. यातून १९८७ साली आर्किन आणि माइस्नर यांचा निर्देशांक आला. नियम अत्यंत सोपा: थंड ढगांनी व्यापलेला अंश गुणिले ताशी ३ मिलिमीटर गुणिले तास. चौकट अडीच अंशांची, म्हणजे बाजू सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. त्यांनी त्याला 'निर्देशांक' म्हटले, यात अजून थोडी सावधगिरी आहे. १९८९ साली आर्किन, कृष्णराव आणि रंजन केळकर यांनी इन्सॅट-१बी या भारतीय उपग्रहाच्या निरीक्षणांवरून १९८६ च्या नैर्ऋत्य मोसमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय उपग्रह, भारतीय मोसम आणि त्यात एक मराठी हवामानशास्त्रज्ञ या दृष्टीने ते काम महत्त्वाचे आहेच. शिवाय शीर्षकात आता 'पर्जन्य' हा शब्द आला. आपल्या बाजूने चौकटीचा विचार केला तर दिसते की, कोकण, घाटमाथा आणि देशावरचा अवर्षणप्रवण टापू हे तिन्ही अशा एका चौकटीत सहज मावतात. त्यांची सरासरी काढली तर जो पाऊस हाती येतो, तो यांपैकी कोणत्याच गावी पडत नाही.

या क्रियेला आपल्या परंपरेत नेमके नाव आहे: अनुमान. आणि योगायोग असा की, न्यायदर्शनातल्या अनुमानाच्या जुन्या उदाहरणांत पाऊस ठळकपणे येतो. गौतमाच्या सूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंचे वात्स्यायनाने दिलेले स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. ढग चढून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे हे पूर्ववत्, कारणावरून कार्याकडे जाणारे. नदी दुथडी भरून वाहते आहे हे पाहून वर पाऊस झाला असावा असे म्हणणे हे शेषवत्, कार्यावरून कारणाकडे जाणारे. आता उपग्रहांच्या पद्धती या दोन खणांत ठेवून पाहाव्यात. ढगाच्या माथ्याचे तापमान पाहून पाऊस सांगणारी अवरक्त पद्धत ही पूर्ववत् होय. मातीतला ओलावा कसा वाढला हे पाहून किती पाऊस पडून गेला असेल ते सांगण्याची पद्धत ब्रोका आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडली. ती शेषवत् होय. नदीच्या जागी माती आली, एवढाच फरक.

सूत्रकार येथे थांबत नाही, हे अधिक महत्त्वाचे. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी आक्षेप घेतो: नदी भरते ती पावसानेच असे कशावरून? पुढे प्रवाह अडला तरीही ती भरेल. मुंग्या अंडी घेऊन निघतात त्या पावसाच्या चाहुलीनेच कशावरून? वारूळ कोणी मोडले असेल. मोराचा आवाज ऐकू आला तो मोराचाच कशावरून? कोणी नक्कल केली असेल. सिद्धान्त्याचे उत्तर असे की, अडलेल्या पाण्याने भरलेली नदी आणि पावसाने भरलेली नदी या सारख्या दिसत नाहीत. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात फांद्या-पाने वाहत येतात. म्हणजे दोष अनुमानाचा नाही. हेतू नीट न पारखता घेणाऱ्याचा आहे. उपग्रह-पर्जन्याच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासाचा सारांश एखाद्या नैयायिकास विचारला असता, तर त्याने हेतूला विशेषणे जोडत जाण्याचा इतिहास, असाच तो सांगितला असता.

थंड माथा हा हेतू दोन बाजूंनी लंगडा आहे. मोठे गडगडाटी ढग विरताना त्यांच्या माथ्यावरचे हिमकणांचे पातळ आच्छादन दूरवर पसरते. ते अतिशय थंड असते, पण त्याखाली पाऊस नसतो. हा व्यभिचार झाला: हेतू आहे, साध्य नाही. दुसरी बाजू कोकणाच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर मोसमात पडणारा बराच पाऊस उथळ ढगांतून पडतो. समुद्रावरची ओली हवा डोंगराला भिडून वर चढते, आणि ढगाचा माथा गोठण्याइतका उंच न जाताच थेंबांवर थेंब आदळून पाऊस सुरू होतो. उणे ३८ अंशांची खूण तेथे नसतेच. न्यायग्रंथांतून धुराविना अग्नीचे उदाहरण म्हणून तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवितात. कोकणाचा पाऊस हा या शास्त्रातला तो गोळा आहे. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणणाऱ्याचा हात पोळावयाचाच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरी मेघभौतिकीची उंचावरील प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील थेंब-मापकांच्या कामाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक ध्यानात येते.

अवरक्त पद्धतीच्या उणिवा जाणूनच सूक्ष्मतरंगांकडे शास्त्रज्ञ वळले. हे तरंग ढगाच्या आत शिरतात. तेथले थेंब आणि हिमकण यांच्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेल्या अमेरिकन-जपानी 'ट्रम' उपग्रहावर सूक्ष्मतरंगमापकाबरोबर पर्जन्यासाठी अवकाशात नेलेले पहिले रडार होते. ऑक्टोबर २०११ मध्ये भारत व फ्रान्स यांचा 'मेघा-ट्रॉपिक्स' आला. त्यावरील पर्जन्यमापनाचे 'मद्रास' हे मुख्य उपकरण २०१३ साली निकामी झाले, ही हानी भारतीय अभ्यासकांना दीर्घकाळ जाणवली. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'जीपीएम' हा उपग्रह गेला, आणि त्याच्याभोवती अनेक देशांच्या उपग्रहांची निरीक्षणे गुंफून अर्ध्या तासाचा, एक दशांश अंशाच्या चौकटीचा 'आयमर्ग' संच तयार होऊ लागला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानेही इन्सॅटच्या अवरक्त निरीक्षणांना सूक्ष्मतरंगांची जोड देणारी 'इम्सरा' पद्धत घडविली. हेतू पुष्कळच सुधारला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु सूक्ष्मतरंगांची लिपीही समुद्रावर एक आणि जमिनीवर दुसरी आहे. समुद्राचा पृष्ठभाग या तरंगांत थंड दिसतो, त्यामुळे वरच्या थेंबांचे स्वतःचे उत्सर्जन उजळ उठून दिसते. तेथे थेंबच चिन्ह होतात. जमीन मुळातच उजळ. तिच्यापुढे थेंब लपतात, आणि ढगाच्या वरच्या भागातील हिमकणांनी तरंग विखुरल्यामुळे पडणारी काळोखी हेच काय ते चिन्ह उरते. म्हणजे जमिनीवर पुन्हा हिमाचीच साक्ष, आणि उथळ ढगात हिम नाही. किनाऱ्यावर उपकरणाच्या एकाच ठशात पाणी आणि जमीन दोन्ही येतात. मग कोणत्या व्याकरणाने वाचावयाचे? दिघ्याच्या पश्चिमेस खाडी, पूर्वेस पारसिक. अकरा किलोमीटरांच्या एका चौकटीत खाडीचे पाणी, कारखान्यांची छपरे, डोंगर आणि डोंगरापलीकडची वस्ती असे सारे एकत्र येऊ शकते. द्विभाषिक मजकूर एकभाषी कोशाने वाचण्यासारखा हा प्रकार आहे. शोइची शिगे आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी डोंगरी पावसासाठी वाचनाचे वेगळे नियम योजिले ते याच अडचणीतून. एक कोश सर्वांना पुरत नाही, याची ती कबुलीच होय.

याच ठिकाणी सरकत्या थव्यांच्या कल्पनेकडेही पुन्हा पाहिले पाहिजे. सूक्ष्मतरंगांचे उपग्रह एका जागेवरून सतत जात नाहीत. 'ट्रम'च्या रडारचा पट्टा तर अडीचशे किलोमीटरही रुंद नव्हता. दोन फेऱ्यांमधला काळ भरून काढण्यासाठी पाऊस या जागेवरून त्या जागेकडे सरकला असे धरून मधली चित्रे रचली जातात. अमेरिकेच्या मैदानावर हे गृहीत शोभते. तेथे पाऊस खरोखरच प्रवासी आहे. डोंगराला धरून बसलेली झड मात्र जागची हलत नाही. ढग वरून वाहत जातात, पाऊस तेथेच पडत राहतो. 'झड बसली' या प्रयोगातील 'बसणे' हे क्रियापद येथे शास्त्रज्ञांच्या आकृतीपेक्षा अधिक काटेकोर आहे.

आता परिभाषेविषयी. इंग्रजीत चिन्हावरून अर्थ काढण्याच्या या क्रियेला 'रिट्रीव्हल' म्हणतात. मराठीत त्याचे 'पुनःप्राप्ती' असे भाषांतर आढळते. या शब्दाने असे सुचते की पाऊस ढगात कोठेतरी ठेवलेला होता, तो परत मिळविला. प्रत्यक्षात एकाच चिन्हाला जुळणारे अनेक पाऊस असू शकतात, त्यांतला एक निवडला जातो. 'अर्थनिष्पत्ती' हा शब्द जड वाटला तरी अधिक प्रामाणिक आहे. 'ग्राउंड ट्रूथ'चे 'भू-सत्य' झाले आहे. हा शब्द मूळ इंग्रजीतच उद्दाम आहे. मराठीत तो धर्मग्रंथातला वाटू लागतो. पर्जन्यमापक हे एक लहानसे भांडे. वाऱ्याने थेंब बाजूला जातात, झाडाची सावली पडते, वाचणारा कधी चुकतो. त्याच्या आकड्याला 'भू-मापन' म्हणावे, सत्य म्हणू नये.

सर्वांत मोठा घोटाळा 'अंदाज' या शब्दाने केला आहे. मराठीत पुढे काय होईल ते सांगणे हाही अंदाज, आणि झालेले किती असेल ते ठरविणे हाही अंदाज. 'उपग्रहाच्या अंदाजानुसार ८० मिलिमीटर' या वाक्यात तो पाऊस पडून गेला की पडावयाचा आहे, हे वाक्यावरून कळत नाही. हिंदीने 'पूर्वानुमान' हा शब्द राजरोस वापरून ही अडचण बरीच दूर केली. मराठी वृत्तपत्रांना तो शब्द बोजड वाटतो, म्हणून 'अंदाज' चालू राहिला. उलट टोकाला 'उपग्रहाने पावसाची नोंद केली' असे लिहिले जाते. येथे 'अंदाज' टाळला खरा, पण वाक्याने अनुमानाला मोजणीच्या पंक्तीस बसविले. वस्तुतः तीन क्रिया आहेत आणि तीन शब्द उपलब्ध आहेत: भांड्यातले पाणी मोजले ते मापन, चिन्हावरून ठरविले ते अनुमान, आणि उद्याविषयी सांगितले ते पूर्वानुमान. क्रियापदेही त्याप्रमाणे बदलावीत. उपग्रहाने पाऊस 'नोंदविला' नव्हे, उपग्रहावरून पाऊस 'अनुमानला'.

हा शब्दच्छल नव्हे. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई-ठाण्यातील कोणी विसरणे शक्य नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, कुलाब्याला ७३. दोन्ही ठिकाणांतले अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. त्या काळी 'ट्रम'वर आधारलेल्या प्रचलित संचाच्या एका चौकटीची बाजूच सुमारे २७ किलोमीटर होती. चौकटीच्या आकड्याला 'नोंद' म्हटले, तर तो कुलाब्याचा की सांताक्रूझचा हा वाद निर्माण होतो. 'अनुमान' म्हटले तर तो एका क्षेत्राच्या सरासरीचा आहे हे आपोआप सूचित होते आणि वाद उद्भवत नाही. शिवाय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो, आणि आकडा मोजणीच्या तारखेवर पडतो. म्हणून लोकांच्या तोंडी २६ जुलैचा असलेला पाऊस वहीत २७ तारखेचा आहे. उपग्रह-संचांचा दिवस बहुधा ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. या तीन तासांचा मेळ न घालता दोन रकाने शेजारी मांडून उपग्रहाला दोष देणारे लेख विद्यार्थ्यांकडून वारंवार येतात. तेथे दोष उपग्रहाचा नसतो.

उपग्रहाची बाजू घेण्याजोगेही पुष्कळ आहे. किड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हिशेब मांडला की, जगातल्या सर्व उपलब्ध पर्जन्यमापकांची तोंडे एकत्र ठेवली तरी त्यांनी फुटबॉलचे अर्धे मैदानही भरणार नाही. अरबी समुद्रावर मापक नाहीत. मोसमाची चाल तेथे उपग्रहावाचून कळणे अशक्य. सिक्का-गाडगीळ यांचा उत्तरगामी पट्टा जमिनीवरच्या भांड्यांतून कधीच दिसला नसता. भारतात १९०१ पासूनच्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पाव अंशाचा संच तयार केला. तो अमोल आहे, परंतु किनाऱ्याच्या रेषेशी तो संपतो. म्हणून दोहोंची सांगड घालणे योग्यच. मात्र 'आयमर्ग'च्या अंतिम आवृत्तीत मासिक पर्जन्यमापनाचा हात फिरविलेला असतो, हे विसरून त्याच मापनांशी ती ताडून पाहणे हा अन्योन्याश्रय होय. तो प्रमाद आजही प्रबंधांतून आढळतो, आणि परीक्षकांच्या नजरेतून सुटतो.

या भेदाचा व्यवहारातील परिणाम लहान नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानण्याची रीत आहे, आणि पंचनामे त्या आकड्यावर अवलंबून असतात. ६३ आणि ६७ यांतील अंतर भांड्यात मोजले असेल तर त्याला काही अर्थ आहे. क्षेत्राच्या सरासरीतून, किनाऱ्यावरच्या मिश्र ठशातून, हिम नसलेल्या ढगावरून ठरविलेल्या आकड्यात तेवढे अंतर संशयाच्या मर्यादेत बुडून जाते. अशा आकड्यांचा उपयोग पुढे वाढावयाचा असेल, तर प्रत्येक आकड्याशेजारी तो मापनाचा की अनुमानाचा हे एका अक्षराने तरी दाखविणे आवश्यक आहे. पारसिकच्या उतारावर राहणाऱ्याला दरड कोसळण्याचा इशारा द्यावयाचा, तर तेथेही हाच प्रश्न येतो.

शेवटी शून्याचा विचार करावयाचा. उपग्रह-संचातील '०' हा आकडा सर्वांत निष्पाप दिसतो आणि सर्वांत अधिक फसवितो. 'ट्रम'च्या रडारला ताशी सुमारे अर्ध्या मिलिमीटराहून कमी पाऊस सहसा दिसत नसे. 'जीपीएम'च्या दुसऱ्या, अधिक उच्च कंपनसंख्येच्या रडारचा हेतू ही मर्यादा खाली आणण्याचाच होता. भुरभुर आणि रिपरिप या मर्यादेच्या आसपास वावरतात. हवामान विभाग अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस म्हणतो. ताशी पाव मिलिमीटराची रिपरिप रात्रभर चालली तर तेवढे पाणी सहज जमते. कुमारिलाच्या परंपरेतील मीमांसकांनी अभावाचे ज्ञान अनुपलब्धीने होते असे मानले, पण त्यासोबत योग्यतेची अट घातली: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अंधारात घागर दिसली नाही, म्हणून घागर नाही असे ठरत नाही. दिघ्यावरील जुलैच्या एखाद्या रात्रीच्या रकान्यात शून्यांची ओळ असेल, आणि सकाळी साडेआठला भांड्यात चार मिलिमीटर पाणी असेल, तर ती ओळ पावसाच्या अभावाची नाही. ती योग्यतेच्या अभावाची आहे. आणि उघडीप व अदर्शन यांना संचाने एकच चिन्ह दिलेले आहे.